वळणात पुढून सरकणारी रॅप्टर ७००आर: आधी काय तपासावे आणि टायर कोणते घ्यावेत

आपण वापरलेली यामाहा रॅप्टर ७००आर, म्हणजे कच्च्या वाटांवर चालणारी चार चाकांची, हॅंडलने वळणारी गाडी, घेतली आहे आणि ती ओहायोतील वेन राष्ट्रीय वनात आणि वेस्ट व्हर्जिनियातील हॅटफील्ड-मॅकॉय वाटांवर चालवता. आपल्या तक्रारी तीन आहेत: अरुंद वळणात हॅंडल वळवूनही गाडी सरळच जाऊ पाहते, वेग जरा वाढला की आतल्या बाजूची चाके उचलली जातात, आणि दगडांवर हॅंडल हातातून हिसकले जाते. त्यावर दुकानदाराने मागे २२×११-९ मापाचे (म्हणजे उंची २२, रुंदी ११ आणि रिम ९ इंच) रुंद टायर आणि चारही चाकांना स्पेसर, म्हणजे चाक बाहेर सरकवणाऱ्या जाड चकत्या, सुचवले आहेत. माझे स्पष्ट मत असे की यातले काहीही आत्ता घेऊ नये, कारण या दोन्ही गोष्टींनी आपल्या तीन तक्रारींपैकी निदान दोन वाढतील.

याचे कारण मागच्या ॲक्सलमध्ये आहे. मोटारीत असते तसे डिफरेन्शियल, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा, या गाडीला मागे नसते. एकाच सळईवर दोन्ही चाके घट्ट बसवलेली असतात आणि ती कायम सारख्याच वेगाने फिरतात. रॅप्टरच्या मागच्या दोन टायरांच्या मध्यांमधले अंतर साधारण ९० सेंटिमीटर धरले, तर पाच मीटर त्रिज्येच्या वळणात बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जवळपास एक पंचमांश अंतर जास्त कापावे लागते. ते साधण्यासाठी एक तर आतल्या चाकावरचा भार कमी व्हावा लागतो किंवा मागचे टायर थोडे घसरावे लागतात. मागची पकड जितकी जास्त, तितका हा ॲक्सल गाडीला सरळ ढकलत राहतो आणि पुढची बिचारी सात इंच रुंदीची चाके त्या जोरापुढे हरतात. म्हणून अशा गाडीवर पकड वाढवायची ती आधी पुढे, आणि मागची पकड पुढच्या पकडीपेक्षा वरचढ होऊ द्यायची नाही.

टायरकडे वळण्यापूर्वी गाडी जॅकवर घेऊन सगळे सांधे हलवून पाहावेत, कारण वापरलेल्या गाडीत दोष बहुधा तिथेच सापडतो. पुढचे चाक वर-खाली धरून हलवल्यास बॉल जॉइंट (चाकाचा गोलाकार सांधा) आणि बेअरिंगमधला प्ले, म्हणजे सैलपणा, कळतो, डावी-उजवीकडे हलवल्यास टाय रॉडचा (हॅंडलची हालचाल चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा). मागे स्विंगआर्मचे (मागचा ॲक्सल धरणाऱ्या हलत्या भुजेचे) बेअरिंग आणि ॲक्सलचे बेअरिंग पाहावे. चाके काढून ॲक्सलच्या टोकाशेजारी जमिनीवर टेकवलेली एखादी तार स्थिर धरावी आणि ॲक्सल हाताने सावकाश फिरवावा: तार आणि धातू यांमधली फट कमी-जास्त होत असेल, तर ॲक्सल वाकलेला आहे आणि बाकी कोणतीही जुळवाजुळव करण्यात अर्थ नाही.

त्यानंतर पुढच्या चाकांची दिशा. हॅंडल सरळ बांधून ठेवावे, दोन्ही टायरांच्या मध्यरेषेवर ॲक्सलच्या उंचीला खडूने खूण करावी, पुढच्या बाजूने दोन खुणांमधले अंतर मोजावे, मग चाके अर्धा फेरा फिरवून त्याच खुणांमधले अंतर मागच्या बाजूने मोजावे. पुढचे माप मागच्यापेक्षा तीन ते सहा मिलिमीटर कमी असावे असे मी धरतो. माप उलटे, म्हणजे चाके बाहेरच्या बाजूला उघडलेली असतील, तर गाडी सरळ वाटेवरही एकसारखी डावी-उजवीकडे भरकटते, आणि आपली हॅंडल हिसकण्याची तक्रार त्यातून आलेली असणे अगदी शक्य आहे. दुरुस्ती दोन्ही टाय रॉडवर सारख्याच फेऱ्यांनी करावी, नाही तर हॅंडल वाकडे बसते.

हवेबद्दल मी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा बदल फुकटात होतो आणि बहुतेक जण तो टाळतात. या टायरांत हवा अवघी चार-पाच पौंड असते. पेट्रोल पंपावरच्या मोटारीच्या गेजला या आकड्यात फरकच कळत नाही. शून्य ते पंधरा पौंड दाखवणारा वेगळा गेज घ्यावा. गाडीवरच्या लेबलात दिलेला आकडा ही सुरुवात समजावी, टायर थंड असताना मोजावे, आणि हॅटफील्ड-मॅकॉयसारख्या दगडाळ वाटेवर रिमला पोचा पडू नये म्हणून एक पौंड वाढवावा. मागच्या दोन टायरांतील हवा मात्र तंतोतंत सारखी हवी, आणि हवा भरल्यावर दोन्ही टायरांचा घेर शिवणकामाच्या फितीने मोजावा. ॲक्सल एकच असल्यामुळे उजव्या टायरचा घेर मोठा असेल, तर गाडी डावीकडे ओढते. एकाच मापाच्या दोन टायरांत असा फरक आढळतो, विशेषतः एक जुना आणि एक नवा असेल तेव्हा. अर्ध्या इंचाहून जास्त फरक दिसला, तर मी ती जोडी वापरणार नाही.

आता शॉक. आतली चाके उचलतात म्हणून अनेक जण स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे तिच्यावरचा आधीचा दाब, घट्ट करत जातात. त्याने गाडी कडक वाटते खरी, पण तिची उंची वाढते, म्हणजे गुरुत्वमध्य वर जातो आणि उलटण्याची भीती आणखी वाढते. आपल्या गाडीच्या पुढच्या चाकांची वर-खाली हालचाल साधारण २३० मिलिमीटर आणि मागच्या चाकाची २५६ मिलिमीटर आहे. आपण हेल्मेट-बुटांसह फूटपेगवर उभे राहिल्यावर गाडी त्या हालचालीच्या साधारण एक तृतीयांश, म्हणजे पुढे सुमारे ७५ आणि मागे सुमारे ८५ मिलिमीटर दबायला हवी. चाके हवेत लोंबत असताना आणि आपण वर उभे असताना, अशी दोनदा मोजणी करून प्रीलोड त्या मापापर्यंत आणावा, पुढचे दोन्ही शॉक अगदी सारखे ठेवावेत. मागची बाजू पुढच्यापेक्षा बरीच जास्त दबत असेल, तर पुढचा भार हलका होतो आणि गाडी वळणात बाहेर जाते. आपल्या पहिल्या तक्रारीचे हे दुसरे संभाव्य मूळ. आर मॉडेलच्या शॉकना मंद आणि जलद अशा दोन्ही कंप्रेशनचे (शॉक सावकाश किंवा झटक्याने दबताना होणाऱ्या विरोधाचे) वेगळे स्क्रू असतात. वळणातला झोल आवरायचा तर मंद कंप्रेशन थोडे वाढवावे, दगडांचे धक्के कमी करायचे तर जलद कंप्रेशन थोडे सैल करावे. प्रत्येक वेळी एकच स्क्रू दोन क्लिक फिरवावा, तोच वाटेचा तुकडा पुन्हा चालवून पाहावा आणि आकडा लिहून ठेवावा.

एवढे झाल्यावरच टायर. आपल्या वाटा म्हणजे घट्ट माती, सुटे दगड, झाडांची मुळे आणि पाऊस झाला की निसरडा चिखल. यासाठी क्रॉसकंट्री प्रकारचे, सहा प्लायचे, म्हणजे जाड, मजबूत बांधणीचे टायर योग्य. पुढे २२×७-१०, मागे २०×१०-९. मागे २०×११-९ देखील मिळतो आणि मोकळ्या, वेगवान वाटांवर तो चांगला चालतो, पण आपली तक्रारच पुढून सरकण्याची असल्यामुळे मी दहा इंचावरच थांबेन. दुकानदाराने सुचवलेला २२ इंची टायर मागची बाजू एक इंच वर उचलतो, त्यामुळे पुढच्या चाकांचा वळण्याचा अक्ष अधिक उभा होतो आणि वेगात हॅंडल चंचल बनते. शिवाय घेर एक दशांश वाढल्याने प्रत्येक गिअर तितकाच लांब होतो आणि चढावर क्लच जास्त वापरावा लागतो. मोटोक्रॉसवाले याच्या उलट मागे १८ इंची टायर घालतात. तयार केलेल्या ट्रॅकवर ते उत्तमच, पण आपल्या वाटांवर ॲक्सल एक इंच खाली आल्यावर ब्रेकची डिस्क आणि स्प्रॉकेट दगडांवर आपटतील.

नक्षी निवडताना पुढच्या टायरच्या खांद्यावरचे ठोकळे पाहावेत, कारण वळताना काम तेच करतात: ते एकमेकांपासून सुटे, उभ्या कडांचे आणि पायथ्याशी जाड असावेत, बोटाने दाबल्यावर सहज वाकू नयेत. मॅक्सिस रेझर आणि आयटीपी होलशॉट ही दोन घराणी या वापरासाठी जुनी आणि भरवशाची आहेत. मात्र दोन्ही नावांखाली वेगवेगळ्या कामाचे टायर येतात, तेव्हा नाव पाहून न घेता क्रॉसकंट्रीसाठीचाच प्रकार मागावा. चारही टायर एकदम घेणे परवडत नसेल, तर पुढची जोडी आधी घ्यावी. मागचे थोडे झिजलेले टायर काही काळ तसेच राहिले तर या गाडीचे वळणे उलट सुधारते.

उरला प्रश्न रुंदीचा. स्पेसरने गाडी रुंद होते आणि चाके उचलणे कमी होते, हे खरे आहे. ३+२ ऑफसेटच्या (रिमच्या रुंदीपैकी तीन इंच बाहेर, दोन आत) जागी ४+१ ऑफसेटची पुढची रिम घातल्यानेही प्रत्येक बाजूला एक इंच मिळतो. पण या दोन्ही मार्गांनी पुढचे चाक वळण्याच्या अक्षापासून दूर जाते, त्यामुळे दगडाचा प्रत्येक फटका अधिक लांबीच्या तरफेने हॅंडलपर्यंत पोहोचतो. आपल्याला नेमका तोच त्रास आहे. रुंदी हवीच असेल, तर लांब ए-आर्म (पुढचे चाक चौकटीला जोडणाऱ्या भुजा) आणि त्यांना जुळणारे शॉक हा खरा मार्ग, कारण त्यात वळण्याचा अक्षही चाकाबरोबर बाहेर सरकतो. खर्च मात्र टायरांच्या कितीतरी पट आहे.

त्याआधी वाटांचा नियम पाहावा. रॅप्टरची रुंदी सुमारे ४६ इंच असते, आणि वेन वनातील वाटांसाठी वाहनाची मर्यादा ५० इंच आहे. प्रत्येक बाजूला दोन इंच वाढवल्यास आपण बरोबर त्या रेषेवर येता. यामाहाने स्वतः जंगलातल्या शर्यतींसाठी २०१० मध्ये वायएफझेड४५०एक्स काढली, तेव्हा ती मोटोक्रॉसच्या वायएफझेड४५०आरपेक्षा मुद्दाम अरुंद, ४६ इंचांच्या आसपास ठेवली होती, कारण दोन झाडांमधून जाताना तीच रुंदी उपयोगी पडते. तरीही ए-आर्म घेतलेच, तर रुंदी रिमवर न मोजता हवा भरलेल्या टायरच्या सर्वांत बाहेर आलेल्या फुगवट्यावर, गाडीवर बसलेल्या अवस्थेत, दुसऱ्या माणसाकडून मोजून घ्यावी.