जुनी जिप्सी आणि साठ हजार रुपये

मारुती जिप्सीचं उत्पादन थांबून बरीच वर्षं झाली. आता मिळते ती प्रत्येक गाडी कुणाची तरी वापरलेली, आणि बऱ्याचदा टाकून दिलेली. या वेळी म्हणून सगळी पत्रं जिप्सीचीच घेतली आहेत.

प्रश्न : चुलत्यांची २००४ सालची जिप्सी किंग (एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरची) अंगणात आंब्याखाली तीन वर्षं ताडपत्री घालून उभी होती. आता ती माझ्याकडे आली आहे. आरसी २०२४ मध्ये संपली. साठ हजारांत गाडी रस्त्यावर आणायची आहे. मेकॅनिक म्हणतो, आधी इंजिन खोलू. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, संगमेश्वर

कागदांपासून. वीस वर्षांवरच्या खासगी चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी ऑगस्ट २०२५ पासून दहा हजार रुपये झाली आहे. पंधरा ते वीस वर्षांच्या गाडीला ती पाच हजार आहे. शिवाय मुदत संपल्यापासून दर महिन्याला पाचशे रुपये उशिराचे. वीस महिने उलटले असतील तर तेच दहा हजार होतात. पर्यावरण कर आणि विमा वेगळा. म्हणजे पाना हातात घेण्याआधीच साठातले वीस हजारांहून जास्त गेले असं धरा. गाडी अजून चुलत्यांच्याच नावावर असेल तर फॉर्म २९ आणि ३० वर त्यांच्या सह्या आत्ताच घेऊन ठेवा, आणि आरसीवर कुठल्या बँकेचा बोजा आहे का तेही बघा. नूतनीकरण पाच वर्षांचं मिळतं, पण त्यासाठी गाडी तपासणीला चालत न्यावी लागते. ब्रेक, दिवे, हॉर्न आणि हँडब्रेक धड नसतील तर तिथूनच परत पाठवतात.

आता इंजिन. ते खोलू नका. उभ्या गाडीचं इंजिन बहुतेक वेळा बिघडलेलं नसतं, नुसतं कोरडं पडलेलं असतं. घाईघाईत नवी बॅटरी जोडून चावी फिरवली, तर मात्र ते बिघडू शकतं.

आधी एअर फिल्टरचा डबा उघडा. आत उंदराचं घरटं किंवा कुंभारमाशीची मातीची घरं हमखास सापडतात. बॉनेटखालची वायर हाताने चाचपत शेवटपर्यंत जा, कुरतडलेली जागा डोळ्यांआधी बोटांना कळते. मग चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि रात्रभर तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. सहज फिरलं तर जुनं ऑइल काढून नवं ऑइल आणि फिल्टर घाला. प्लग बाहेरच ठेवून, इंधन पंपाचा फ्यूज काढून, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत थोडं थोडं क्रँक करा. भोकांवर फडकं धरा, नाहीतर ऑइल तोंडावर येतं.

टाकीतलं तीन वर्षांचं पेट्रोल टाकूनच द्यायचं. एमपीएफआय जिप्सीत पंप टाकीच्या आत असतो. तळाचा गंज आणि चिकटा त्याने ओढला तर पंप आणि इंजेक्टर दोन्ही जातात. टाकी उतरवा, धुवा, पंपाची जाळी आणि पेट्रोल फिल्टर नवे घाला, मगच इंजिन सुरू करा. चांगलं तापलं की कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, तपासा. प्लगच्या भोकात ऑइल सोडलेलं असताना तपासलं तर आकडा खोटा, वाढीव येतो. चार सिलिंडरमधला फरक साधारण एक किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आत असेल तर इंजिनाला हात लावू नका. टायमिंग बेल्ट कधी बदलला हे कुणी सांगू शकत नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदला. पंप बेल्टच्या मागे आहे. सहा महिन्यांनी तो गळायला लागला तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागेल.

क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटली असण्याची शक्यता मोठी. गिअरबॉक्स उतरवायच्या आधी एक करून बघा. इंजिन तापवून बंद करा, मोकळ्या मैदानात गाडी तिसऱ्या गिअरमध्ये टाका, क्लच पूर्ण दाबून धरून चावी मारा. गाडी धक्के खात पुढे निघेल. क्लच न सोडता ब्रेक दाबा. बऱ्याचदा दोन-तीन झटक्यांत प्लेट सुटते. समोर माणूस आणि भिंत दोन्ही नकोत. आणि हे सगळं ब्रेकचं काम झाल्यावर!

उरलेल्या पैशांतला सगळ्यात मोठा वाटा ब्रेकचा आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर आतून गंजतात. नुसते रबरी कप बदलून भागेल असं मेकॅनिक म्हणेल. सिलिंडरच्या आत बोट फिरवून बघा, खड्डे लागले तर अख्खा सिलिंडर बदला, कारण नवा कप त्या खड्ड्यांवर महिनाभरात फाटतो. पुढच्या कॅलिपरचे पिस्टन मोकळे करून घ्या, रबरी होज सगळे नवे घाला. होज बाहेरून चांगला दिसला तरी आतून फुगलेला असतो. त्यातून ऑइल जातं पण परत येत नाही, आणि चाक धरून बसतं. नवं डॉट ३ ऑइल लिटरभर तरी आणा, नळ्यांमधून जुना काळपट माल पूर्ण बाहेर येईपर्यंत ब्लीड करा, म्हणजे चाकाजवळच्या स्क्रूतून ऑइल काढत राहा.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. ३२१७ म्हणजे २०१७ चा बत्तिसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी इतके जुने, उन्हात उभे राहिलेले टायर बदलायचेच. आणि ती ताडपत्री आता टाकून द्या. कोकणात ताडपत्रीखाली ओल कोंडते आणि गाडी उघड्यावर राहिली असती त्याहून लवकर गंजते.

प्रश्न : ताशी ५५-६० च्या आसपास एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग असं थरथरतं की गाडी थांबवावीच लागते. टायर नवे घातले, बॅलन्सिंग केलं, स्टिअरिंग डॅम्पर नवा टाकला. महिनाभर बरं वाटलं, पुन्हा तेच.
– एक वाचक, नाशिक

डॅम्परने दुखणं झाकलं, म्हणून महिनाभर बरं वाटलं. जिप्सीत हे बहुतेक वेळा किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्या पिनवर वळतं तिच्या, बेअरिंगचं असतं. पुढच्या प्रत्येक नकलला (अ‍ॅक्सलच्या टोकाला चाकासोबत वळणाऱ्या सांध्याला) वर एक आणि खाली एक अशी दोन टेपर बेअरिंग असतात. ती घासली की नकल ढिली पडते आणि एका ठरावीक वेगाला चाकं डावी-उजवी नाचायला लागतात.

तपासणी फुकट आहे. पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर घ्या, खाली घोड्या (स्टँड) लावा. चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. खडखड जाणवली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली तर दोष व्हील बेअरिंगचा. तशीच राहिली तर किंगपिनचा. मग चाक तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. इथे खेळ दिसला तर टाय रॉड एंड, ड्रॅग लिंक किंवा स्टिअरिंग बॉक्स.

किंगपिनचं काम करताना चारही बेअरिंग एकदम बदला, वाट्या, म्हणजे बाहेरच्या रेससह. खरी मेख शिममध्ये आहे. पिनखालच्या पातळ चकत्या कमी-जास्त करून बेअरिंगवर ताण आणायचा असतो. त्याचं माप असं : नकलचं सील न लावता, टाय रॉड सोडून, आर्मच्या टोकाला साधा स्प्रिंगचा काटा अडकवून ओढा. नकल हलायला सुरुवात होते तेव्हा काटा एक ते पावणेदोन किलोच्या दरम्यान दिसायला हवा. कमी आला तर शिम काढा, जास्त आला तर घाला. बरेच कारागीर जुने शिम होते तसे परत बसवतात, आणि मग नवी बेअरिंग घालूनही थरथर राहते.

शेवटी टो-इन, म्हणजे चाकांचं पुढून किंचित आत वळलेलं असणं. टायरच्या मध्यावर खडूने रेघ मारा आणि अ‍ॅक्सलच्या उंचीवर दोन चाकांमधलं अंतर पुढून आणि मागून टेपने मोजा. पुढचं अंतर मागच्यापेक्षा दोन ते सहा मिलिमीटर कमी हवं.

प्रश्न : पुढच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूने काळं, पातळ ग्रीस टायरवर उडतं. नकलचं सील दोनदा बदललं. पावसाळ्यात ओढे ओलांडणं रोजचंच. परवा पुढच्या डिफरन्शियलमधलं ऑइल दुधाळ निघालं.
– एक वाचक, साखळी, गोवा

ही दोन दुखणी एकाच जागी जोडलेली आहेत. नकलच्या गोळ्यात नुसतं घट्ट ग्रीस असायला हवं. ते पातळ होऊन गळतंय म्हणजे अ‍ॅक्सलच्या नळीतलं गिअर ऑइल आतलं सील ओलांडून गोळ्यात येतंय. तुम्ही बाहेरचं सील बदललं, दोष आतल्यात आहे. त्यासाठी हब, नकल आणि अर्धा शाफ्ट काढावाच लागतो. शाफ्टवर सील बसतं तिथे नख फिरवून बघा. खाच लागली तर नवं सीलही टिकणार नाही, लेथवाल्याकडे जावं लागेल.

पण त्याआधी अ‍ॅक्सलवरचा ब्रीदर बघा. छोटीशी टोपी, चिखलाने बुजते. बुजली की चालून तापलेल्या अ‍ॅक्सलमधली हवा बाहेर पडायला वाट न मिळाल्याने सीलमधून ऑइल ढकलते. मग तोच तापलेला अ‍ॅक्सल थंड ओढ्यात शिरला की आतली हवा आकसते आणि त्याच सीलमधून पाणी आत ओढलं जातं. ब्रीदर साफ करा किंवा बदला, त्यावर रबरी नळी चढवून ती बॉनेटखाली उंच न्या. मागच्या अ‍ॅक्सललाही तेच करा. मीटरभर नळी आणि दोन क्लिपांचं काम आहे.

दुधाळ ऑइल पूर्ण काढा. थोडं साधं ऑइल घालून, गाडी एक-दोन किलोमीटर चालवून तेही काढा, मग नवं ८०डब्ल्यू-९० भरा. पुढे सुमारे दोन लिटर, मागे दीड, ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीत) पाऊण लिटरच्या थोडं वर. गोळ्यातलं जुनं ग्रीस रॉकेलने धुऊन मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस भरा.

प्रश्न : मागच्या शॅकलजवळ चासीत पेन्सिल जाईल एवढं भोक पडलंय. डेंटर म्हणतो, वरून पट्टी मारतो आणि लंबी लावतो. चालेल का?
– एक वाचक, देवगड

नाही. लंबी, म्हणजे पुट्टी, पत्र्याला लावतात, चासीला नव्हे. शॅकल म्हणजे पाट्याचं टोक चासीला धरणारी कडी, त्या जागेवर पाटे लटकतात. भोकाभोवती छोट्या हातोडीने ठोकत जा. टणटण आवाज बद्द होतो तिथून पुढचं लोखंड संपलेलं आहे. खणखणीत आवाज येईपर्यंत कापायचं, आणि चासीच्या जाडीचाच पत्रा सीओटू वेल्डिंगने बसवायचा. साध्या कांडीच्या वेल्डिंगने कडा जळतात आणि जोडाशेजारीच नवा तडा जातो. पट्टीची टोकं आडवी सरळ ठेवू नका, तिरकी कापा, म्हणजे ताण एका रेषेवर येत नाही. पेट्रोलची टाकी तिथून हातभर अंतरावर आहे, ती गाडीतून उतरवल्याशिवाय वेल्डिंगवाल्याला ठिणगी पाडू देऊ नका. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, एमपीएफआय असेल तर इंजिन कंट्रोल युनिटचा प्लगही.

आतली बाजू राहतेच. चासीच्या मोकळ्या भोकांतून पातळ नळीने गंजरोधक मेण किंवा कोमट केलेलं ग्रीस-ऑइलचं मिश्रण फवारा, आणि खालची पाणी निचरायची भोकं तारेने मोकळी करा. दोन्ही बाजूंना दोन-दोन ठिकाणी असंच असेल आणि गाडी नुकतीच विकत घेतली असेल, तर ती त्याच किमतीत परत द्यायचं बघा.

प्रश्न : २३५/७५ आर १५ टायर आणि लांब शॅकल लावायचे आहेत. आधी काय करू?
– एक वाचक, पुणे

आधी हिशेब करा. मूळ २०५/७० आर १५ टायरचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर, तुमच्या टायरचा ७३३. दहा टक्के मोठा. स्पीडोमीटर साठ दाखवेल तेव्हा गाडी सहासष्टने धावत असेल. चढाला एक गिअर खाली यावं लागेल आणि क्लच, ब्रेक दोन्ही जास्त झिजतील. जिप्सीत पुढचा शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला आहे. तो लांब केला की अ‍ॅक्सल पुढे झुकतो, कास्टर (किंगपिनचा मागे असलेला कल) कमी होतो आणि नाशिकच्या वाचकांचं दुखणं तुमच्याकडे येतं. तपासणीतही अडकाल. बजेट कमी असेल तर तेच पैसे पाट्यांचे आणि शॅकलचे बुश, सेंटर बोल्ट आणि यू-बोल्ट नवे घालण्यात जिरवा. बसलेले पाटे कमान देणाऱ्याकडून पुन्हा कमानदार करून घेतले तरी गाडी बोटभर उचलते.

प्रश्न : फोर-व्हील-ड्राइव्हचा लिव्हर पडतो, पण चिखलात पुढची चाकं ओढत नाहीत.
– एक वाचक, बदलापूर

पुढच्या चाकांचे हब हाताने लॉक करायच्या प्रकारचे असतील तर दोन्ही ‘लॉक’वर आहेत का ते बघा. एक जरी ‘फ्री’ राहिला तरी डिफरन्शियल सगळी ताकद तिकडे वाया घालवतो. दोन्ही लॉक असूनही ओढत नसेल तर इंजिन बंद करून, गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि फोर-हायमध्ये ठेवून, मागच्या चाकांना दगड लावून पुढचं एक चाक उचला आणि हाताने फिरवा. फिरलं नाही तर त्या बाजूचं सगळं ठीक. फिरलं तर खाली वाकून पुढचा प्रॉपेलर शाफ्ट बघा. तोही फिरतोय म्हणजे दोष ट्रान्सफर केसमध्ये किंवा लिव्हरच्या जोडणीत. शाफ्ट स्थिर आणि चाक फिरतंय म्हणजे दोनपैकी एका बाजूच्या हबचे दाते झिजलेत किंवा गोळ्यातला जॉइंट तुटलाय. मग दुसऱ्या चाकालाही हेच करा. खाली वाकलाच आहात तर ट्रान्सफर केसची तीन रबरी माउंटिंग आणि तीन शाफ्टांचे सहा क्रॉसही हलवून बघा.

प्रश्न : कार्बोरेटरची १९९८ ची गाडी, ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल. काही बदलावं लागेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

रबरी नळ्या. त्या काळच्या नळ्या आणि कार्बोरेटरमधली रबरं इथेनॉलने फुगतात आणि तडकतात. इथेनॉलवर चालणारी इंधन नळी आणि नव्या रबरांचा कार्बोरेटर किट घाला. पहिले दोन-तीन महिने पेट्रोल फिल्टर दर हजार किलोमीटरला बघा, कारण टाकीतला जुना चिकटा सुटून तिथेच येतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीकडून पंपात येणारा पेट्रोलचा पाइप काढून, त्याचं टोक बुजवून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरची वाटी रिकामी होते.