‘असं पहिल्यांदाच घडतंय’ म्हणण्याआधी

प्रश्न : मॅडम, मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय इतिहास. निवडणूक जवळ आली की मला दुसरं काही सुचत नाही. 2024 च्या लोकसभेला मी मैत्रिणींना सांगितलेला अंदाज बऱ्यापैकी खरा ठरला, म्हणून सगळ्या मला ‘विश्लेषक’ म्हणायला लागल्या. विधानसभेला मी तोच कल धरून अंदाज बांधला आणि तोंडावर आपटले. बाबा म्हणतात, हे वेड सोड आणि एमपीएससीला बस. जुना राजकीय इतिहास वाचून आजच्या निवडणुका खरंच कळतात का? त्यावर पोट भरतं का? पुढे इतिहासच घेऊ की राज्यशास्त्राकडे वळू? ओळखीतले एक काका एका पक्षाच्या वॉर रूममध्ये काम मिळवून देतो म्हणतात, तिथे जाऊ का?

उत्तर : आधी त्या फसलेल्या अंदाजाबद्दल बोलू, कारण तुझ्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

लोकसभेला महाविकास आघाडीला 48 पैकी 30 जागा मिळाल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या 288 पैकी 230 च्या आसपास जागा महायुतीने घेतल्या. या उलथापालथीत भल्याभल्यांची गणितं चुकली, त्यामुळे तुला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. पण तू नेमकं काय केलंस ते बघ. नुकतीच झालेली निवडणूक उचललीस आणि तीच पुढे सरकवलीस. याला इतिहासाचा उपयोग करणं म्हणत नाहीत, ही नुसती ताजी आठवण झाली. 1999 चे आकडे तू पाहिले असतेस तर हात जरा आखडला असता. त्या वर्षी महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभेचं मतदान एकाच वेळी झालं. मतदार तेच, रांगही तीच. शिवसेना-भाजप युतीने लोकसभेच्या 48 पैकी 28 जागा जिंकल्या, पण विधानसभेच्या 288 पैकी तिला 125 च मिळाल्या आणि राज्यातली सत्ता गेली. म्हणजे आपला मतदार दिल्लीचा आणि मुंबईचा हिशेब वेगवेगळा ठेवू शकतो, हे पंचवीस वर्षांपूर्वीच कागदावर आलेलं होतं. यावरून 2024 चा निकाल आधी सांगता आला असता का? नाही. पण लोकसभेचा कल जसाच्या तसा विधानसभेला लावण्याचं धाडस तू केलं नसतंस.

इतिहासाकडून भाकिताची अपेक्षा ठेवू नकोस, असं मी मुलांना सांगते तेव्हा त्यांचे चेहरे पडतात. मग उपयोग काय, तर आज कोण काय बोलतंय, तेच का बोलतंय आणि ते आत्ताच का, हे त्यातून उलगडतं. एक उदाहरण जरा सविस्तर घेते.

1978 मध्ये शरद पवार वसंतदादा पाटलांच्या सरकारमधून बाहेर पडले आणि पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दल या आघाडीचं, सरकार आलं. 2022 मध्ये एकनाथ शिंदे बाहेर पडले आणि उद्धव ठाकऱ्यांचं सरकार गेलं. टीव्हीवर दोन्हींची सांगड घालून ‘इतिहासाची पुनरावृत्ती’ म्हणून कार्यक्रम झाले. ऐकायला बरं वाटतं, पण मधल्या काळात खेळाचे नियमच बदललेत. 1978 मध्ये पक्षांतरबंदी कायदा नव्हता. तो 1985 मध्ये 52 व्या घटनादुरुस्तीने, दहावं परिशिष्ट म्हणून आला. पक्षाचे एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर त्यांना त्यात संरक्षण होतं. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने ती पळवाट बंद केली. उरली ती फक्त दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची वाट.

आता 2022 मधली भाषा आठव. ‘आम्ही पक्ष सोडला’ असं कुणीच म्हणालं नाही. ‘आम्हीच खरी शिवसेना’ असं म्हणाले. 2023 मध्ये राष्ट्रवादीतही तेच झालं. कायद्याने ‘आम्ही फुटलो’ म्हणायची सोयच ठेवली नव्हती, म्हणून बंडाची भाषा बदलली. बरं, खरा पक्ष कोणता हे ठरवायचं कसं? तिथे आणखी मागे जावं लागतं. 1969 मध्ये काँग्रेस फुटली आणि बैलजोडी या निवडणूक चिन्हावरून भांडण लागलं. त्याच्या आदल्याच वर्षी निवडणूक आयोगाने चिन्हांबाबतचा आदेश काढला होता. पक्षात दोन गट पडले तर निवाडा आयोग करेल, असं त्याच्या पंधराव्या परिच्छेदात आहे. याच भांडणातून उभ्या राहिलेल्या सादिक अली खटल्यात 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा निर्णय उचलून धरला आणि बहुमताची कसोटी रूढ झाली. फेब्रुवारी 2023 मध्ये धनुष्यबाण कुणाला द्यायचा हे ठरवताना आयोगासमोर हाच पन्नास वर्षांपूर्वीचा खटला होता. या वेळी पक्षसंघटनेपेक्षा विधिमंडळातल्या बहुमतावर भिस्त ठेवली गेली. ते योग्य होतं की नाही यावर खुशाल वाद घाल, पण वाद घालायला 1971 माहीत हवं. त्या वेळी टीव्हीवर बसलेल्या किती जणांना ते माहीत होतं, हा वेगळा विषय.

दुसरी गोष्ट थोडक्यात. 1957 मध्ये संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला घाम फोडला. 1962 मध्ये, राज्य होऊन दोनच वर्षं झालेली असताना, काँग्रेसने 264 पैकी 215 जागा जिंकल्या. ज्या मागणीसाठी समिती उभी राहिली ती मान्य झाली आणि समितीतल्या पक्षांना बांधून ठेवणारी दोरीच सुटली. त्याच सुमारास जिल्हा परिषदा आल्या (कायदा 1961 चा), सहकारी साखर कारखाने वाढत गेले आणि गावातल्या माणसाची बी-बियाण्यापासून कर्जापर्यंतची कामं या संस्थांमधून व्हायला लागली. संस्था ज्याच्या हातात, मतं त्याच्या मागे. तू साताऱ्याची आहेस, हे तुला पुस्तकातून शिकायची गरज नाही.

म्हणून ‘लाडकी बहीण’बद्दल मला पडणारा प्रश्न वेगळा आहे. पैसे दिले म्हणून मतं मिळाली का, यावर सगळेच बोलतात. मला विचारायचंय की पैसे थेट बाईच्या बँक खात्यात गेले तेव्हा मधल्या माणसाचं, म्हणजे कारखान्याच्या संचालकाचं, सोसायटीच्या चेअरमनचं, झेडपी सदस्याचं काय झालं? त्याची पकड सैल झाली, की अर्ज भरून देताना त्याने ती पुन्हा घट्ट केली? उत्तर गावागणिक वेगळं निघेल. पण हा प्रश्न सुचायलाच 1962 ठाऊक असावं लागतं.

तुझ्या आवडीला बूड आहे का, हे तपासायला एक काम देते. तुझ्या विधानसभा मतदारसंघाची 1962 पासून 2024 पर्यंतची वही तयार कर. दर निवडणुकीला पहिले चार उमेदवार, त्यांचे पक्ष, मतं, मतदानाची टक्केवारी. 1951-52 पासूनचे सांख्यिकी अहवाल निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. अलीकडच्या निवडणुकांचे केंद्रनिहाय आकडे ‘फॉर्म 20’ मध्ये असतात, ते राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर शोध. आपल्या गावच्या केंद्रावर काय झालं ते बघताना गंमत येते.

दोन ठिकाणी ठेच लागेल. 2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेत सीमा बदलल्या, त्यामुळे नाव तेच आणि गावं वेगळी असं बऱ्याच मतदारसंघांत झालंय. लोकसभेचा कराड मतदारसंघ तर 2009 पासून अस्तित्वातच नाही, पंढरपूर जाऊन माढा आला. नकाशा न बघता जुनी मतं नव्या मतांशेजारी मांडलीस तर निष्कर्ष साफ खोटा निघेल. दुसरी ठेच म्हणजे ‘अपक्ष’. 1995 मध्ये 45 अपक्ष निवडून आले आणि त्यांच्यातल्या अनेकांच्या पाठिंब्यावर मनोहर जोशींचं सरकार उभं राहिलं. अहवालात त्या सगळ्यांपुढे एकच शब्द छापलेला आहे. त्यातले बंडखोर कोण आणि खरोखरचे अपक्ष कोण, हे जुनी वर्तमानपत्रं आणि गावातली म्हातारी माणसंच सांगतील. त्यांच्याशी बोल, पण त्यांनी सांगितलेला आकडा तपासल्याशिवाय वहीत घेऊ नकोस. कराडपासून सुरुवात करायची असेल तर 1957 ला यशवंतराव चव्हाण तिथून किती मतांनी निवडून आले ते आधी शोध आणि मग 1962 चा आकडा बघ.

ही वही करताना कंटाळा आला तर तुला निवडणुकीची हवा आवडते, अभ्यास नाही. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण मग बाबांचं ऐक. रात्री दोनपर्यंत जागून आकडे जुळवत बसलीस, तर पुढचं वाच.

विषयाचं विचारतेस तर बी.ए. इतिहासातच पूर्ण कर आणि एम.ए. राज्यशास्त्रात कर, असं माझं मत आहे. कागदपत्रांवर शंका घ्यायला इतिहास शिकवतो आणि ती सवय उलट्या क्रमाने लागत नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागात निवडणूक अभ्यासाची जुनी परंपरा आहे. मुंबईत विद्यापीठाचा विभाग आणि टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आहेत, दिल्लीत जेएनयू. यासोबत पायाभूत संख्याशास्त्र आणि एक्सेल शिकच. इंग्रजी वाचनाचा वेग वाढव, कारण न्यायालयाचे निकाल मराठीत क्वचितच मिळतात.

पोटापाण्याचं स्पष्ट सांगते. ‘राजकीय विश्लेषक’ नावाची नोकरी नसते. टीव्हीवर दिसणारे बहुतेक जण आधी पत्रकार, प्राध्यापक किंवा सर्वेक्षक होते. प्राध्यापकीसाठी नेट किंवा सेट, पुढे पीएच.डी., आणि त्यानंतरही कित्येक जण वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर राबतात. ही वाट मानाची आहे, पण घरात दुसरी कमाई असल्याशिवाय फक्त तिच्यावर विसंबू नकोस. संशोधन आणि सर्वेक्षणाचं काम त्या मानाने लवकर मिळतं. दिल्लीच्या सीएसडीएस या संशोधन संस्थेचा लोकनीती उपक्रम सर्वेक्षणांसाठी राज्याराज्यांत विद्यार्थ्यांना प्रशिक्षण देऊन पाठवतो. उन्हातान्हात दारोदार फिरायचं आणि यादीतलंच घर गाठायचं, शेजारचं चालत नाही. पदवीनंतर संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेची ‘लॅम्प’ फेलोशिप बघ. त्यात एका खासदाराबरोबर संसदीय कामासाठी संशोधन करायला मिळतं. वयाची अट पंचविशीची असते, त्या-त्या वर्षीचे नियम नीट वाच. उमेदवारांच्या प्रतिज्ञापत्रांवर काम करणारी एडीआर ही संस्था आहे. वर्तमानपत्रांना आकडे वाचता येणारा वार्ताहर हवाच असतो.

एमपीएससीला माझा विरोध नाही. राज्यसेवा मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे तुझ्या अभ्यासाचा काही भाग तिथेही चालेल. फक्त किती प्रयत्न आणि किती वर्षं, हे बाबांसोबत बसून आधीच ठरव. परीक्षा आणि एम.ए. दोन्ही अर्धवट, अशा अवस्थेत तिशी गाठलेली मुलं माझ्याकडे नेमाने येतात.

राहिली वॉर रूम. तिथे मतदार याद्या, बूथचं नियोजन, कॉलिंग, समाजमाध्यमांवरचा मजकूर असं सगळं चालतं आणि निवडणूक आतून कशी दिसते ते कळतं. पण शिक्का बसतो. आज एका पक्षासाठी काम केलंस की उद्या सर्वेक्षक किंवा वार्ताहर म्हणून दारात उभी राहिलीस तर समोरचा माणूस तू कुणाची ते आधी विचारतो, आणि तुझ्या जिल्ह्यात तर ते त्याला आधीच माहीत असतं. पदवीआधी जाऊ नकोस. नंतर गेलीस तर सल्लागार कंपनीत जा, काम आणि मानधन लेखी घे, आणि लोकांच्या जातींच्या किंवा फोन नंबरांच्या याद्या गोळा करायला सांगितल्या तर सरळ नाही म्हण. काकांना आत्ता एवढंच सांग की परीक्षा आहे. वही 1978 पर्यंत आली की मला पाठव, पुनर्रचनेचा गुंता त्यानंतर सोडवू.