लीग नंतर निवडा, आधी मुलाचं नाव कुणाच्या वहीत आहे ते बघा

मुलाला त्रिनिदादमध्ये फुटबॉलसाठी कुठल्या लीगच्या क्लबात घालावं, ही तुमची पोस्ट वाचली आणि तिथल्या शग्वानस शहरातला 2018 चा पावसाळा आठवला. सोळा वर्षांचा मुलगा, भारतीय पासपोर्ट, वडिलांची नोकरी त्रिनिदादमध्ये. एकीकडे वरच्या पायरीवरचा क्लब, दुसरीकडे घराजवळचा, आणि दोन्हीकडचे लोक सांगतात की त्यांच्या नादी लागू नका. आमचंही अगदी हेच झालं होतं, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

आमच्या वेळी ही दोन संस्थानंच होती. प्रो लीग 1999 पासूनची, पगारी खेळाडूंची, सरकारी अनुदानावर बरीचशी टेकलेली: डिफेन्स फोर्स, डब्ल्यू कनेक्शन, जॅब्लोटे, सेंट्रल एफसी वगैरे. दुसरी सुपर लीग, गावोगावच्या क्लबांची. कागदावर ती खालची पायरी, पण मध्ये शिडीच नव्हती. पहिले आलात म्हणून वर जाल असं नाही, वर जायला खिसा लागायचा. मी घरी प्रो लीगवाल्यांना सरकारी जावई म्हणायचो. त्यांच्या लेखी आमचे क्लब म्हणजे रविवारची हौस. त्यात त्रिनिदादच्या फुटबॉल महासंघाच्या निवडणुकीत दोन्हीकडे मतं, मग नमतं कोण घेणार? इथे वाचणाऱ्या गोवेकरांना वेगळं सांगायला नको. भारतात आयएसएल या नव्या लीगसमोर जुन्या आय-लीगला दुय्यम केलं म्हणून 2016 मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे क्लब बाहेर पडले, ते त्यांनी जवळून पाहिलंय. गंमत म्हणजे त्रिनिदादमध्ये खरी गर्दी या दोघांच्याही सामन्यांना नसायची. ती जायची शाळांच्या फुटबॉलला.

आता माझी चूक. मुलगा 2017 मध्ये एका प्रो लीग क्लबच्या युवा संघात सरावाला जायचा. तिथे एका संध्याकाळी गाडीच्या बॉनेटवर ठेवून एका फॉर्मवर मी सही केली. प्रत घेतली नाही. पुढे तिथे संधी मिळेना, तेव्हा 2018 मध्ये त्याला सुपर लीगच्या क्लबात नेलं. आधीच्या फॉर्मचं काय करायचं हे विचारायला एका कार्यालयात गेलो. कुठलं ते लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही. तिथल्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "ती वेगळी लीग, आमचा काही संबंध नाही, खेळू द्या त्याला." एवढ्यावर मी खूश होऊन बाहेर आलो आणि कोपऱ्यावर डबल्स, म्हणजे तिथल्या छोले घातलेल्या पुऱ्या, खाल्ले. पॉइंट लिसासच्या अमोनिया प्लांटवर साधा व्हॉल्व्ह उघडायचा तरी मी लेखी परमिट मागणारा माणूस, आणि पोराच्या बाबतीत तोंडी शब्दावर विसंबलो.

तीन सामने झाले. दोन जिंकले. मग हरलेल्या एका संघाने हरकत घेतली: या मुलाचं नाव दुसऱ्या क्लबच्या यादीत आहे, शिवाय तो परदेशी अल्पवयीन आहे आणि त्याच्या मंजुरीचा कागदच नाही. संघाचे गुण गेले. मी त्याच कार्यालयात धावलो, तर तोच माणूस म्हणाला, "मी असं काही बोललोच नव्हतो." प्रो लीगचा क्लब म्हणे सोडपत्र महासंघाकडे मागा, महासंघ म्हणे क्लबकडे. या टोलवाटोलवीत पाच महिने गेले. मुलगा सरावाला जायचा आणि सामन्याच्या दिवशी पाण्याच्या बाटल्या भरायचा. प्रशिक्षक एका शब्दाने बोलला नाही, ते जास्त लागलं.

लीग दोन असोत की दहा, खेळाडूची नोंद शेवटी महासंघाकडेच जाते, हे मला फार उशिरा कळलं. आणि फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमात 18 वर्षांखालच्या परदेशी मुलाची पहिली नोंदणीसुद्धा सहज होत नाही. आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात आले असतील तर सूट मिळते, पण तसा अर्ज महासंघाने फिफाकडे करावा लागतो. मूल सलग पाच वर्षं तिथेच राहिलं असेल आणि आधी कुठेच नोंदलेलं नसेल तर वेगळी सवलत आहे. आमची पाच वर्षं भरायला आठ महिने कमी पडले. पुण्यातल्या क्लबात तुमच्या मुलाची नोंद झालेली असेल तर मात्र भारतातून आंतरराष्ट्रीय ट्रान्स्फर सर्टिफिकेटचाही, म्हणजे एका देशाच्या महासंघाने दुसऱ्याला द्यायच्या दाखल्याचाही, प्रश्न येईल. ते आधी विचारा.

कागद म्हणाल तर मुलाचा आणि तुम्हा दोघांचे पासपोर्ट, जन्मदाखला, तुमचं नोकरीचं करारपत्र, वर्क परमिट, राहत्या घराचा पुरावा. आमचा जन्मदाखला नुसता मराठीत होता, त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्यावं लागलं. शिवाय दाखल्यावर वडिलांचं नाव मध्ये आणि पासपोर्टवर नाही, यावरून दोन आठवडे गेले. स्पेलिंग आजच ताडून बघा.

मी वकील नाही, आणि 2021 मध्ये तिथून निघालोय. 2023 पासून टीटी प्रीमियर फुटबॉल लीग आली, एकाच छताखाली दोन पायऱ्या. त्यामुळे आमच्या वेळचा गोंधळ आता तसाच असेल असं नाही. पण माणसं बहुतेक तीच आहेत, म्हणून प्रत्येक बोलणं ईमेलवर आणा. समोर भेट झाली तरी घरी येऊन "आज आपण असं म्हणालात" अशा दोन ओळी पाठवा. उत्तर नाही आलं तरी तारीख राहते. मार्च 2020 मध्ये फिफाने महासंघावर समिती बसवली, सप्टेंबरमध्ये देशालाच निलंबित केलं, नोव्हेंबरमध्ये परत घेतलं. त्या धामधुमीत आमची तक्रार कुठल्या खणात गेली कुणास ठाऊक.

क्लब कुठला म्हणाल तर माझं मत घराजवळचा. हे पटणार नाही अनेकांना. पण सोळाव्या वर्षी मोठ्या क्लबच्या बाकावर बसण्यापेक्षा लहान मैदानावर नव्वद मिनिटं खेळलेली बरी. सराव संपला की अंधारात मॅक्सी टॅक्सीची (तिथली वाटून घ्यायची मिनीबस) वाट बघायची वेळही येत नाही.

आणि सप्टेंबरला शाळांचा हंगाम सुरू होतो, मग क्लबातलंही कुणी फोन उचलत नाही. अर्ज त्याच्या आत जाऊ द्या. जुन्या क्लबात काही सही केली असेल तर उद्याच त्याची प्रत मागा. देत नाहीत म्हणाले तर तेसुद्धा लेखी घ्या.