ऐकू आनंदे: ओपन-बॅकवर जायचंय, पण कुठला घेऊ?

प्रश्न: नमस्कार. मी राजारामपुरीत राहतो, घरात आई-बाबा, बायको आणि लहान पोरगं. बरीच वर्षं ऑडिओ-टेक्निकाचा एम५०एक्स हा बंद हेडफोन वापरतोय. रात्री सगळी झोपली की तास-दीड तास गाणं ऐकतो, जास्त करून जुनं, केसरबाई, मोगूबाई, मन्सूर, मधेच लता-आशा. फोनला नाहीतर लॅपटॉपला डाँगल लावून. आता ओपन-बॅक घ्यायचाय, बजेट पंचवीसेक हजार, थोडं वर गेलं तरी चालेल. व्हिडिओ बघून डोकं फिरलंय, जो तो साउंडस्टेज साउंडस्टेज करतोय. सेनहायझर एचडी ६००, बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो आणि हायफायमॅन सुंदारा, एवढ्यावर आलोय. अ‍ॅम्प पण लागतोय का? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: अल्लादियाखाँसाहेब ज्या कोल्हापुरात दरबार गायक होते तिथला माणूस रात्री त्यांच्या जयपूर-अत्रौली घराण्याचं गाणं ऐकणार नाही तर काय ऐकणार, म्हणा. पण त्यामुळंच तुमचं काम सोपं झालंय.

साउंडस्टेजचं, म्हणजे आवाज डोक्याबाहेर रुंद पसरल्यासारखा वाटण्याचं, भूत आधी उतरवा. तुम्ही ऐकताय त्यातलं बरंचसं मोनो आहे, ७८च्या तबकडीवरचं, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं, आणि दोन्ही कानांत एकच सिग्नल. मोनो कुठल्याही हेडफोनवर डोक्याच्या मधोमधच येतं, तिथं लाखाचा हेडफोन पण रुंदी कुठनं आणणार. मग ओपन-बॅकनं मिळतंय काय, तर कपची मागची बाजू उघडी असते, ड्रायव्हरचा, म्हणजे आवाज काढणाऱ्या पडद्याचा, मागं जाणारा आवाज आत कोंडून परत कानावर येत नाही, म्हणून गळा मोकळा ऐकू येतो. एम५०एक्सवर खालचं आणि वरचं टोक जरा पुढं केलंय, त्यात बाईंचा आवाज मागं राहतो, हे तुम्हाला आत्तापर्यंत जाणवलं असेलच.

आता डीटी ९९० प्रो. वाईट हेडफोन नाही, मऊ पॅड, मजबूत बांधणी, तासन् तास घातला तरी त्रास नाही. पण त्याचा ट्रेबल साधारण आठ-नऊ हजार हर्ट्झच्या आसपास चांगलाच वर उचललेला आहे, आणि जुन्या ७८ मध्ये एवढ्या वर गाणं फारसं नसतंच, असते ती सुईची खरखर. म्हणजे पैसे देऊन खरखर मोठी करून घ्यायची. नव्या, स्वच्छ रेकॉर्डिंगला काही लोकांना तो आवडतो, तुमच्यासाठी मी तो सरळ काढून टाकतो.

राहिले दोन. एचडी ६०० हा १९९७ सालचा, आणि अजून विकला जातोय ते उगाच नाही. माणसाचा आवाज, सारंगी, हार्मोनियम, म्हणजे जिथं आपलं गाणं राहतं तो मधला पट्टा त्याच्याइतका सरळ वाजवणारे या किमतीत थोडे. वजन २६० ग्रॅम, आणि केबल, इअरपॅड, डोक्यावरची गादी सगळं वेगवेगळं मिळतं, घरच्या घरी बदलता येतं. उणीव एकच, अगदी खालचा बास उतरत जातो. डग्ग्याची घुमारदार मींड येते, पण नव्या सिनेमातला छाती हलवणारा बास येत नाही. एम५०एक्सवरनं आल्यावर पहिले काही दिवस तुम्हाला वाटणार बास कुठं गेला, तेव्हा लगेच परत करायला पळू नका.

सुंदारा प्लॅनर आहे, म्हणजे सबंध पातळ पडदा एकदम हलतो, त्यामुळं बास खालपर्यंत सरळ जातो. तुम्ही सिनेमे किंवा इलेक्ट्रॉनिक ऐकत असता तर मी हाच सांगितला असता. पण वजन ३७२ ग्रॅम, एम५०एक्सपेक्षा जड, रात्रीच्या तास-दीड तासात मानेला कळतंय. माझं मत एचडी ६००. सेलप्रमाणं किंमत वरखाली होते, तेव्हा दोन-तीन ठिकाणी बघून घ्या. आपल्याकडं दुकानात डोक्यावर घालून बघायला मिळणं अवघड, पुण्या-मुंबईला जाणं झालं तर ऐकून या, नाहीतर ऑनलाइन घेताना उघडलेला माल परत घेतात का ते आधी वाचा.

अ‍ॅम्पचं लोकांनी फार मोठं करून ठेवलंय. एचडी ६०० आहे ३०० ओहमचा, त्याला व्होल्टेज लागतं, पण कंपनीचाच आकडा १ व्होल्टला ९७ डेसिबल असा आहे, आणि झोपलेल्या घरात आपण ७०-७५ च्या आसपासच ऐकतो. अडचण येईल ती बारीक लेव्हलला चढवलेल्या जुन्या रेकॉर्डिंगला. म्हणून आधी हेडफोन घ्या, आहे त्या डाँगलवर वाजवा, व्हॉल्यूम कायम टोकालाच जायला लागला तर छोटा डॅक-अ‍ॅम्प, म्हणजे डिजिटल सिग्नलचा आवाज करून तो वाढवणारं यंत्र, घ्या.

दोन गोष्टी मात्र व्हिडिओवाले सांगत नाहीत. एक म्हणजे फॅन. ओपन-बॅकमध्ये बाहेरचं सगळं आत येतं, एप्रिल-मे मध्ये फॅन फुल्ल ठेवला तर तानपुरा गेलाच, मग माणूस नकळत आवाज वाढवत जातो. प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास ही डब्ल्यूएचओची मर्यादा आहे, ती ध्यानात ठेवा. दुसरं, आतलं पण बाहेर जातं. पोरगं त्याच खोलीत झोपत असेल तर अवघड आहे. तेव्हा बंद हेडफोनच लागतो, म्हणून एम५०एक्स विकू नका.

प्रश्न: मी गाणं शिकते. रियाजाला तानपुऱ्याचं अ‍ॅप हेडफोनवर लावते, पण बंद हेडफोनमध्ये माझाच आवाज डोक्यात घुमतो आणि सूर हलतो असं बाई म्हणतात. ओपन-बॅकनं फरक पडेल? रेकॉर्ड करून पण पाठवायचं असतं. – मंगळवार पेठ

उत्तर: पडेल, आणि चांगलाच पडेल. कान बंद झाला की हाडांतनं येणारा स्वतःचा आवाज आत कोंडतो, तेच घुमणं. ओपन-बॅकमध्ये तुमचा आवाज बाहेरनं पण कानावर येतो, तानपुऱ्याशी जुळवता येतो. त्यासाठी महागडा नको, फिलिप्सचा एसएचपी९६०० मिळाला तर बघा, ३२ ओहमचा आहे, फोनवर आरामात वाजतो. रेकॉर्ड करताना मात्र तो काढा, त्यातनं बाहेर येणारा तानपुरा माइकमध्ये शिरतो. तेवढ्यापुरता जुना बंद हेडफोन घाला आणि एक कान थोडा सरकवून उघडा ठेवा, रेकॉर्डिंगवाले गायक सर्रास असंच करतात.

प्रश्न: ओपन-बॅकच्या डाव्या कानात खर्जाला फरफर येतीय, उजव्यात काही नाही. ड्रायव्हर गेला का? – शाहूपुरी

उत्तर: आधी केबलची डावी-उजवी टोकं कपांवर अदलाबदल करून बघा, फरफर उजवीकडं गेली तर दोष केबलमध्ये नाहीतर मागच्या मशीनमध्ये. डावीकडंच राहिली तर पॅड काढा, आतला फोम उचला आणि उजेडात बघा, दहातल्या बऱ्याच वेळा ड्रायव्हरच्या पडद्याला टेकलेला एखादा केस सापडतो. चिमट्यानं अलगद काढा. तोंडानं किंवा कॉम्प्रेसरनं फुंकर मारू नका, पडदा दबला की मग खरोखर ड्रायव्हर जातोय.