रोल जमत नाही, कच्चा मासा नको. मग थरांची सुशी घरी कशी करावी?

तुम्ही विचारलंय की रोल गुंडाळता येत नाही, कच्च्या माशाची भीती वाटते, तरी कोळंबीबिळंबी घालून थरांची सुशी घरी जमेल का. आरामात जमेल. मी ओसाकात राहते आणि इथली खासियतच मुळी दाबलेली सुशी, म्हणजे ओशिझुशी. लाकडी चौकटीत मासा आणि भात रचायचा, वरून दाबायचा, वड्या पाडायच्या. चौकट नसली तर इथेही लोक चौकोनी डब्यात क्लिंग फिल्म अंथरून नाहीतर दुधाचा रिकामा खोका कापून काम भागवतात. तुम्ही केकचं लांबट भांडं घ्या.

खरी मेहनत भाताची. जपानी आखूड दाण्याचा तांदूळ मिळाला तर उत्तम, नाहीतर इंद्रायणी. त्याचा वास वेगळा येतो, पण दाणे एकमेकांना धरून राहतात. बासमती, कोलम नकोच, वड्या फुटतात. ३०० ग्रॅम तांदूळ पाणी जवळजवळ निवळेपर्यंत धुवा, अर्धा तास भिजवा आणि नेहमीपेक्षा जरा कमी पाण्यात शिजवा. ५० मिली राइस व्हिनेगर, २ मोठे चमचे साखर आणि १ छोटा चमचा मीठ कोमट करून विरघळवा, उकळू नका. (वाण्याकडचं साधं पांढरं व्हिनेगर उग्र असतं, ते थोडं कमी घ्या.) गरम भात परातीत काढून त्यावर हे शिंपडा, उलथनं आडवं न फिरवता उभं धरून कापल्यासारखं चालवा आणि कुणाला तरी पुठ्ठ्याने वारा घालायला बसवा. वरचं पाणी उडून दाण्याला चकाकी आली की ओल्या फडक्याने झाका. साखर जास्त वाटेल, पण ओसाकाकडचा सुशीचा भात तोक्योपेक्षा गोडसरच असतो.

आता कोळंबी. मोठी घ्या. सालासकट, पोटाच्या बाजूने डोक्याकडून शेपटीपर्यंत बांबूची बारीक काडी खुपसा, म्हणजे शिजताना ती आकसून गोल होत नाही. मिठाच्या उकळत्या पाण्यात दोनेक मिनिटं, आरपार रंग बदलेपर्यंत. मग लगेच गार पाण्यात. साल आणि काडी काढून पोटाकडून चीर द्या, काळा दोरा काढा आणि पुस्तकासारखी उघडून सपाट करा. जोडीला खेकड्याच्या नावाने मिळणाऱ्या लाल-पांढऱ्या कांड्या चालतील. त्यात बहुतेक वेळा खेकडा नसून माशाचा लगदाच असतो, पण चव बरी असते.

बाजारातला बांगडा व्हिनेगरमध्ये मुरवून घालायचा मोह मात्र आवरा. इथली बात्तेरा नावाची दाबलेली सुशी तशीच करतात, मीठ आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या साबा, म्हणजे बांगड्यासारख्याच माशाची. पण माशात असू शकणारी अनिसाकिस नावाची अळी व्हिनेगरने मरत नाही. त्यासाठी जपानचं आरोग्य मंत्रालय उणे २० अंशांवर २४ तास गोठवायला सांगतं, अमेरिकेचं अन्न-औषध प्रशासन (एफडीए) ७ दिवस. घरचा फ्रीझर बहुधा तितका थंड नसतोच. शिवाय बर्फाबाहेर राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं, ते गोठवून काय, शिजवूनही जात नाही.

रचताना उलटं रचायचं, कारण तळ नंतर वर येतो. क्लिंग फिल्मवर कोळंबी, तिची लाल बाजू खाली. त्यावर व्हिनेगरच्या पाण्याने हात ओले करून निम्मा भात. मग नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, एक कागद आणि मीठ लावून घट्ट पिळलेल्या काकडीच्या चकत्या; पिळायचा आळस केलात तर भात ओलाकच्च होईल. इथे अशा सुशीत मधोमध गोडसर शिजवलेले शिताके मशरूम घालतात; सुके मिळाले तर जरूर घाला, मला काकडीपेक्षा तेच आवडतात. वर उरलेला भात. फिल्म मिटून त्यावर बेताचं सपाट झाकण आणि किलोभर डाळीचं पाकीट, पंधरा-वीस मिनिटं. त्याहून जास्त वजन नको, दाणे चिरडून लगदा होतो.

उलटून फिल्मसकटच कापा, प्रत्येक कापानंतर सुरी ओल्या फडक्याने पुसा.

त्याच दिवशी संपवा. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलात तर भात दगड होतो आणि बाहेर ठेवलात तर कोळंबी खराब होते. सोया सॉस कोळंबीच्या बाजूला जरासा टेकवा. भाताची बाजू बुडवलीत की वडी वाटीतच सुटते.