वाचक विचारतात: बादलीतलं खत बिघडलं तर

प्रश्न: घरच्या घरी बादलीत ओल्या कचऱ्याचं खत करायला घेतलं. पंधरा-वीस दिवसांत उग्र वास सुटला, तळाशी काळं पाणी साचलं, आता अळ्याही दिसतायत. फेकून द्यावं का?

उत्तर: फेकू नका, हे हमखास सुधारतं. आधी वास ओळखा. नाकात झोंबणारा, अमोनियासारखा असेल तर ओल्या कचऱ्याच्या मानाने कोरडा माल कमी पडलाय. सडक्या अंड्यासारखा असेल तर आत हवा पोचत नाही. तळाशी पाणी आहे म्हटल्यावर तुमच्याकडे हवेचीच अडचण असणार. भाजी-फळांच्या सालींत बहुतेक भाग पाण्याचाच असतो. ते सुटून खाली बसलं की हवेच्या फटी बुजतात आणि हवेविना जगणारे जिवाणू माजतात. वास त्यांचा.

बादली घमेल्यात उपडी करा. तळाला पाच-सहा आणि बाजूंना खालपासून वरपर्यंत दोन-तीन ओळींत ८ ते १० मिलिमीटरची भोकं पाडा, बाजूच्या भोकांवर आतून बारीक जाळी लावा. बादली दोन विटांवर ठेवून खाली ताटली सरकवा. तळाशी चार बोटं काटक्यांचा थर द्या. मग सडलेला माल वाळलेल्या पाल्यात किंवा फाडलेल्या पुठ्ठ्यात कालवून परत भरा. एक वाटी ओल्याला दोन वाट्या कोरडं. हे माप आकारमानाचं आहे, वजनाचं नव्हे. इथेच बहुतेकांची गल्लत होते. लाकडाचा भुसाही चालतो, पण प्लायवुडचा नको, त्यात रसायनी गोंद असतो.

ओल तपासायला मूठभर मिश्रण घट्ट दाबा. बोटांतून एक-दोन थेंब आले तर बरोबर. धार लागली तर आणखी पाला घाला, भुगा होऊन सुटलं तर पाण्याचा शिपका मारा. पुढे रोजचा कचरा २-३ सेंटिमीटरचे तुकडे करून टाका, वर कोरड्याचा थर न चुकता पसरा आणि आठवड्यातून एक-दोनदा काठीने पार तळापर्यंत हलवा. नुसतं वरवर ढवळून काही होत नाही, बिघाड खालीच असतो.

अळ्या मातकट, चपट्या, कडक पाठीच्या असतील तर राहू द्या, त्या कचरा झपाट्याने खातात. पांढऱ्या, मऊ अळ्या बहुधा घरमाश्यांच्या. कचरा उघडा राहिल्याचं ते लक्षण. मांस, दुधाचे पदार्थ, तेलकट उरलंसुरलं आत नको. रोगट झाडपालाही नको: छोटी बादली पुरेशी तापत नाही, त्यामुळे रोग आणि तणाचं बी दोन्ही शाबूत राहतं. दोन-तीन महिन्यांत मातीचा वास येऊ लागला आणि साली ओळखू येईनाशा झाल्या की चाळा, मग दोन-तीन आठवडे मुरू द्या. कच्चं खत कुंडीत घातलं तर मुळांना इजा होते.

प्रश्न: ‘कंपोस्टेबल’ छापलेली पिशवी याच बादलीत टाकावी का?

उत्तर: सहसा नाही. अशा बऱ्याच पिशव्या मोठ्या खत प्रकल्पांसाठी बनवलेल्या असतात. तिथे ५०-६० अंश सेल्सिअस तापमान आठवडेच्या आठवडे टिकतं, घरात ते मिळत नाही. घरगुती खतासाठी असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच टाका. नुसत्या ‘बायोडिग्रेडेबल’वर विसंबू नका, किती दिवसांत विघटन होईल हे त्यातून कळत नाही.

प्रश्न: सुका कचरा वेगळा देतो, तरी त्यातला बराच परत का येतो?

उत्तर: बहुधा खरकट्यामुळे. एक तेलकट डबा शेजारचा सगळा कागद बाद करतो. भांडी धुऊन उरलेल्या पाण्यात डबे विसळा, उपडे घालून पूर्ण वाळवा, मगच द्या. दुकानातल्या गुळगुळीत पावत्या कागदात घालू नका, त्यांवर उष्णतेने काळा पडणारा रासायनिक लेप असतो. आतून चकचकीत असलेल्या पाकिटांत प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटवलेलं असतं. ते थर सुटे करणं अवघड, म्हणून कोणी सहसा घेत नाही. ही पाकिटं आठवडाभर बाजूला साठवून पाहा. एकाच वस्तूची पुन्हापुन्हा आली तर ती मोठ्या पाकिटात किंवा सुटी, आपल्या डब्यात घ्या. लवकर खराब होणारी वस्तू मात्र लहानच घ्यावी, नाहीतर पाकीट वाचतं आणि आतलं अन्न वाया जातं.