आचऱ्याहून छोट्या होडीने गरवायला (गळाने मासे पकडायला) जायचंय. मोबाइलची रेंज गेल्यावर संपर्क कसा ठेवावा आणि सुरक्षित कसं राहावं?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात मावसभावाच्या फायबर होडीतून चौघेजण सिंधुदुर्गातल्या आचऱ्याच्या खाडीतून बाहेर पडून गरवायला जाणार. सात-आठ मैल आत गेलं की फोनची रेंज तुटते. अमेरिकेतली बहीण सॅटेलाइटवरून मेसेज जाणारं इनरीच पाठवते म्हणतेय, ते चालेल का?

आधी त्याचंच सांगतो. ते मागवू नका. भारतात सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय जवळ बाळगता येत नाही. थुराया आणि इरिडियम या सेवांवर बंदी आहे आणि गार्मिनचं इनरीच इरिडियमवरच चालतं. विमानतळावर सामानात हे यंत्र सापडलं म्हणून परदेशी पाहुण्यांना पोलिसांना तोंड द्यावं लागलंय, गोव्यातसुद्धा. २६/११ चे अतिरेकी समुद्रातून आले आणि त्यांचा थुराया फोन 'कुबेर' बोटीवर सापडला. तेव्हापासून आपल्या किनाऱ्यावर या गोष्टीकडे फार बारीक नजर असते. बहिणीच्या प्रेमाच्या भेटीपायी तुमचा भाऊ चौकशीत अडकेल.

माझं सगळं आयुष्य याच पट्ट्यात गेलंय. घरची होडी आहे, वडील तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, होते. त्या बळावर सांगतो: संपर्काची सुरुवात यंत्रापासून करू नका, किनाऱ्यावरच्या एका माणसापासून करा. तुम्ही वेळेत आला नाहीत हे ज्याला सगळ्यात आधी कळेल आणि कळल्यावर कुणाला फोन करायचा हे ज्याला पाठ असेल, असा एक माणूस घरी ठेवा. 'दादा गेलाय दर्यात, येईल संध्याकाळपर्यंत' एवढंच माहीत असलेला माणूस उपयोगाचा नाही. त्याच्याकडे कागदावर हे हवं: होडीचं नाव, नोंदणी क्रमांक, रंग, माणसं किती, कुठल्या खाडीतून कुठल्या दिशेला आणि साधारण किती वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) खोल पाण्यात जाणार, परत कधी येणार. शिवाय एक पक्की वेळ ठरवा. समजा तुम्ही बाराला परतणार. दोन वाजेपर्यंत आला नाहीत तर त्याने बंदरावर आणि शेजारच्या होड्यांकडे विचारायचं. तीनपर्यंत काहीच कळलं नाही तर १५५४ लावायचा, तो तटरक्षक दलाचा शोध आणि बचावाचा नंबर. सागरी पोलिसांचा १०९३. संकोच करायचा नाही, 'थोडा वेळ अजून बघू' म्हणायचं नाही.

तीनच का? डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तीनला खबर गेली तर शोधायला तीन तास उजेड मिळतो. रात्री आठला गेली तर खरा शोध उजाडल्यावरच. बंद पडलेली होडी ताशी दीड मैलाने वाहत गेली असं धरलं तरी बारा तासांत १८ सागरी मैल होतात, म्हणजे ३३ किलोमीटर. इतका समुद्र चाळावा लागतो.

आता फोन. रेंज गेली तरी फोनचा जीपीएस चालूच राहतो, त्याला टॉवर लागत नाही. निघायच्या आधी नकाशा डाउनलोड करून ठेवा. रेंज नसलेल्या भागात फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर टॉवर शोधत शोधतच बॅटरी संपते. अर्धवट रेंजमध्ये कॉल लागत नाही तिथे साधा एसएमएस बऱ्याचदा जातो, व्हॉट्सॲपवर विसंबू नका. वॉटरप्रूफ पाऊच गळ्यात असू द्या.

जागा सांगण्यात मात्र एक घोटाळा हमखास होतो. फोन अंश दशांशात दाखवतो, उदाहरणार्थ १६.१५. बोटीवरचा जीपीएस बहुधा अंश आणि मिनिटांत. १६.१५ अंश म्हणजे १६ अंश ९ मिनिटं. समोरच्याने घाईत ते १६ अंश १५ मिनिटं असं लिहून घेतलं तर सहा मिनिटांचा, म्हणजे सहा सागरी मैलांचा फरक पडतो. शोध ११ किलोमीटर उत्तरेला सुरू होईल आणि तुम्ही इकडे वाट बघत बसाल. म्हणून सांगताना 'सोळा पूर्णांक एक पाच अंश' असं पूर्ण बोला, समोरच्याकडून परत म्हणवून घ्या. जोडीला ओळखीची खूण द्या: देवगडचं दीपगृह कुठल्या अंगाला दिसतंय, अमुक खडपापासून (समुद्रातल्या खडकापासून) किती लांब.

खरं काम करतो तो व्हीएचएफ सेट, म्हणजे बोटीवरचा बोलायचा रेडिओ. त्याच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, त्यामुळे वॅटपेक्षा अँटेनाची उंची महत्त्वाची. होडीत बसून हातातला पाच वॅटचा सेट वापरला तर दुसऱ्या छोट्या होडीपर्यंत चार-पाच मैल धरा. काठीवर अँटेना लावलेला २५ वॅटचा सेट त्याहून बराच लांब जातो आणि किनाऱ्यावरच्या उंच मनोऱ्याला त्याहूनही लांबून ऐकू येतो. सेटला परवाना लागतो, विकत घेताना त्याची नीट चौकशी करा. चॅनल १६ हा संकटाचा आणि हाक मारण्याचा, जगभर तोच. जीव धोक्यात असेल तर बटण दाबून 'मेडे' तीनदा, होडीचं नाव तीनदा, जागा, काय झालंय, माणसं किती. मग बटण सोडा. घाबरलेला माणूस बटण दाबूनच धरतो आणि उत्तर येतं ते त्याला ऐकूच येत नाही. हे घरी, सेट बंद ठेवून, चौघांनीही म्हणून बघा. संकटात नेमका सेट वापरता येणारा माणूसच पाण्यात पडलेला असू शकतो. इंजिन बंद पडलंय पण होडी शाबूत आहे, अशा वेळी 'मेडे' नाही, 'पॅन पॅन' म्हणायचं.

व्हीएचएफचा फायदा एवढ्यावरच थांबत नाही. आसपासच्या ट्रॉलरवाल्यांना तुमची हाक ऐकू येते, आणि आपल्याकडे अडलेल्या होडीजवळ पहिली पोचते ती बहुतेक दुसरी मच्छीमार बोटच.

होडी मत्स्य विभागाकडे मासेमारीसाठी नोंदलेली असेल तर भावाला ट्रान्सपॉन्डरबद्दल विचारा. एक लाख बोटींवर ही यंत्रं बसवण्याची योजना ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्येच जाहीर झाली. यंत्र मच्छीमाराला मोफत मिळतं. इस्रोचं तंत्रज्ञान, सिग्नल उपग्रहावरून जातो, आणि फोनमधल्या नभमित्र ॲपशी जोडलं की रेंज नसतानाही दोन्ही बाजूंनी छोटे मेसेज करता येतात. बहिणीचं यंत्र जे करणार होतं, ते बऱ्याच अंशी हे कायदेशीर मार्गाने करतं. त्याशिवाय डॅट नावाचं संकटसूचक यंत्र २०१० पासून वापरात आहे. त्याच्या दुसऱ्या पिढीत 'तुमची हाक पोचली' अशी पोच होडीवर परत येते. भर समुद्रात त्या एका ओळीने माणसाला केवढा धीर येतो!

होडी मासेमारीची नसून पर्यटक नेण्यासाठी असेल तर मेरीटाइम बोर्डाचा परवाना बघा, आणि तो किती माणसांसाठी आहे तेही.

आता समुद्राचं. डिसेंबरात पहाटे मतलई वारा असतो, जमिनीकडून दर्याकडे. किनाऱ्याजवळ पाणी अगदी सपाट असतं आणि नवख्याला वाटतं, आज काय मजा आहे. पण त्याच वेळी इंजिन बंद पडलं तर तो वारा होडीला बाहेर, पश्चिमेला नेतो. दुपारकडे वारा वायव्येकडे फिरतो आणि लाट उठते. म्हणून लवकर निघा आणि दुपार चढायच्या आत परत फिरा.

इंजिन बंद पडल्यावर पहिलं काम इंजिन उघडणं नव्हे, नांगर टाकणं. होडी एका जागी थांबली की मग स्पार्क प्लग बघा, फोन करा, काय हवं ते करा. पुरेसा दोर नसेल तर नांगर नुसता घसरत येतो. पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट दोर सोडा, दहा वाव पाण्यात पन्नास वाव. नांगर नेहमी नाळेवरून (होडीच्या पुढच्या टोकावरून), मागून कधीच नाही. मागच्या बाजूला इंजिनचं वजन असतं आणि तिकडून लाट आत आली की होडी भरते.

सगळ्यात जपायचं ते खाडीच्या मुखाशी. आचऱ्यासारख्या खाडीच्या तोंडाशी वाळू साचते, पाणी उथळ होतं. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येत असेल आणि समोरून वारा किंवा लाट आत येत असेल तर तिथे लाट उभी राहून फुटते. बाहेर काहीच नव्हतं, दारात येऊन होडी उलटली, असं होतं ते इथेच. परतीची वेळ भरतीवर धरा. मुखाबाहेर थांबून लाटा बघा, मोठ्या लाटा जाऊ द्या, मग लाटेच्या पाठीवर राहून आत या. तोंडाशी फेस पांढरा दिसला तर भरतीची वाट बघा, किंवा देवगडच्या बंदरात जा, तिथे आडोसा चांगला आहे. त्यासाठी इंधन हवं: एक हिस्सा जायला, एक यायला, एक राखीव.

अंदाज कुठे बघायचा? समुद्राचे अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचं 'समुद्र' ॲप घ्या. लाटेची उंची दीड मीटर लिहिली असेल तर ती सगळ्यात उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. एखादी लाट जवळजवळ दुप्पट येऊ शकते. दोन लाटांमधली सेकंदंही बघा. चौदा-पंधरा सेकंद असतील तर ती लांबून आलेली लाट. वारा नसतानाही ती खडपांवर आणि खाडीच्या तोंडाशी जोरात फुटते. त्या दिवशी खडपांच्या जवळ जाऊन गरवू नका, तांबोसा मासा कितीही लागत असला तरी. बंदरावर तीन नंबरचा बावटा (धोक्याचा इशारा) लागला असेल तर निघूच नका. डिसेंबर शांत म्हणतात, पण ओखी चक्रीवादळ डिसेंबर २०१७ मध्येच आलं होतं आणि केरळ-तामिळनाडूच्या बोटी देवगडला आसऱ्याला आल्या होत्या. फयान वादळ नोव्हेंबर २००९ चं, आमच्याकडची किती घरं अजून ते नाव काढत नाहीत.

लाइफजॅकेट चौघांनीही अंगात घालायचं, पट्टे बांधून, अगदी खाडीतसुद्धा. बाकाखाली ठेवलेलं जॅकेट होडी उलटल्यावर हाती लागत नाही. जॅकेटला शिट्टी बांधा. इंजिनची लाल दोरी (ओढली गेली की इंजिन बंद पडतं ती) चालवणाऱ्याच्या मनगटाला असलीच पाहिजे. तो पाण्यात पडला आणि इंजिन चालू राहिलं तर होडी गोल फिरून पंख्यासकट त्याच्याच अंगावर येते. बॅटरी, आरसा, दोन लाल हातफ्लेअर, माणशी चार लिटर पाणी आणि एक थर्मास गरम पाणी. थर्मास चहासाठी नाही. शिंगाळा किंवा पाकट या माशांचा काटा लागला तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की कळ उतरते. मग डॉक्टरकडे.

भावाला विचारून एवढं कळवा: होडी कशासाठी नोंदलेली आहे, इंजिन किती घोड्यांचं, नांगराला दोर किती वाव, आणि तुम्ही कुठल्या तारखेला निघणार. तारीख कळली की भरती-ओहोटीची वेळ बघून किती वाजता निघायचं आणि किती वाजता मुखातून आत यायचं, ते सांगतो.